चोपन्न पायऱ्या आणि दोरीला बांधलेली पिशवी

पत्र:

"ताई, मी चौऱ्याहत्तर वर्षांची. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्या-किचनचा फ्लॅट आहे, १९८४ साली घेतलेला. लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या आहेत. हे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून एकटीच राहते. फॅमिली पेन्शन येते, त्यात माझं भागतं. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी ठाण्याला. मुलगा म्हणतो, फ्लॅट विक आणि ज्येष्ठांसाठीच्या एखाद्या प्रकल्पात राहायला जा, वरचे पैसे मी घालतो. नाहीतर निदान हॉलमध्ये कॅमेरा तरी बसवू दे. मुलगी म्हणते, फ्लॅट आत्ताच आम्हा दोघांच्या नावावर कर आणि माझ्याकडे ये. त्यात सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे, पुढच्या महिन्यात सभा आहे. मला विचाराल तर मी इथे समाधानी आहे. घर हवेशीर आहे, शेजार चांगला आहे. आता भाजीसाठीही उतरावं लागत नाही, दोरीला पिशवी बांधून सोडते, भाजीवाला भरून देतो. मग सगळे मला हलवायला का निघालेत? की मीच हट्टी आहे?"

उत्तर:

ताई,

हट्टीपणाचं आधी बोलून टाकते. चाळीस वर्षं काढलेल्या घरातून कुणी एका फोनवर उठायला तयार झालं, तर मला त्या माणसाची जास्त काळजी वाटेल. आणि सगळे हलवायला निघालेत, त्याचं एक साधं कारण असं की आपल्याकडे एकटी राहणारी म्हातारी माणसं अजून थोडी आहेत. २०१७-१८ च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभर माणसांत साधारण सहाजण एकटे राहताना आढळले. त्यामुळे एकटी बाई दिसली की काहीतरी बिघडलंय आणि ते आपणच दुरुस्त करायचंय, असं नातेवाइकांना वाटतं. त्यांना वाटू द्या.

मला मात्र तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य खटकलं. ते पिशवीचं.

दोरीची पिशवी ही आपली जुनी युक्ती. पेठांत अजून दिसते. वरून कापडी पिशवी हेलकावे खात खाली येते, तळाशी सुटे पैसे, आणि वर जाताना मेथीची जुडी कठड्याला अडकते. आमची आईही पिशवी सोडायची. पण तेव्हा तिच्या कडेवर मूल असायचं आणि स्टोव्हवर दूध. तुम्ही लिहिता, "आता उतरावं लागत नाही." हे 'आता' कधी सुरू झालं? पावसाळ्यात, की त्याआधीच? तुमच्या पत्रात बाग नाही, देऊळ नाही, वाचनालय नाही, बँकेत गेल्याचं नाही, कुणाच्या हळदीकुंकवाला गेल्याचं नाही. शेजार आहे, पण तो सगळा तुमच्याच जिन्यातला. पत्र लहान होतं म्हणून राहून गेलं असेल तर मला माफ करा. पण गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही किती वेळा रस्त्यावर उभ्या राहिलात, हे आठवून बघा.

असं का विचारते, ते सांगते. माझे सासरे सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात एकटे राहायचे. संडास अंगणापलीकडे, मध्ये शेवाळलेली फरशी. आम्ही दर रविवारी जायचो. "कसं चाललंय?" "उत्तम." दुसरं उत्तर कधी मिळालं नाही. एकदा तर स्वतःहून कौतुकाने म्हणाले, "हल्ली रात्री उठावंच लागत नाही, सलग झोप लागते." आम्हाला बरं वाटलं. पुढे लघवीला जंतुसंसर्ग होऊन ताप डोक्यात गेला, दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? मग उलगडलं. दुपारचा चारचा चहा झाला की ते पाण्याच्या भांड्याला हात लावत नसत. अंधारात ती फरशी ओलांडायची त्यांना भीती वाटायची. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, बहुधा स्वतःलाही नाही. घराबद्दल तक्रार आहे का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी जानव्याला हात लावून 'नाही' सांगितलं असतं. आणि ते खोटं नसतं.

ज्येष्ठांच्या घरांचा अभ्यास करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. घरावर समाधानी आहात का, असं विचारलं की म्हातारी माणसं तरुणांपेक्षा जास्त वेळा 'हो' म्हणतात. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असली तरी म्हणतात. घर स्वतःचं असतं, भिंतीभिंतीत आठवणी असतात, अंगाला सवय झालेली असते. आणि एक धास्तीही असते. तक्रार केली तर मुलं आपल्याला इथून उचलतील. ही धास्ती तुम्हालाही असणार. म्हणून 'मी समाधानी आहे' हे तुमचं म्हणणं मी खरं धरते, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. समाधानाऐवजी हे विचारा: या घरापायी मी काय काय करायचं सोडलं?

याचं उत्तर एका बैठकीत येत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असेलच, दुधाचे खाडे मांडायला. त्याच चौकोनात महिनाभर एक खूण करा. ज्या दिवशी जिना उतरून गेलात त्या दिवशी एक रेघ. उतरायचं मनात होतं पण 'जाऊ दे' म्हणालात त्या दिवशी फुली. बाकी काही लिहू नका. महिन्याने रेघा आणि फुल्या मोजल्या की तुम्हाला मुलाच्या, मुलीच्या किंवा माझ्या मताची गरज उरणार नाही. फुल्या चार-दोनच निघाल्या तर मी माझे शब्द मागे घेते, खुशाल राहा.

फुल्या जास्त निघाल्या तरी लगेच घर वाईट ठरत नाही. बऱ्याचदा दोष घरात नसतो, जिन्यात असतो. कोथरूड-कर्वेनगरातल्या त्या काळच्या बऱ्याच इमारती मी पाहिल्या आहेत. बहुतेकींना कठडा एकाच बाजूला, तोही लोखंडी पट्टीचा, हातात न मावणारा. उतरताना तो उजव्या हाताला असेल तर चढताना डाव्या हाताला येतो. तुमचा कुठला गुडघा दुखतो हे मला माहीत नाही, पण एक वाट तरी चुकीच्या हाताला जाते. भिंतीच्या बाजूने दुसरा गोल पाइप बसवून घ्या. फॅब्रिकेशनवाल्याचं दोन दिवसांचं काम, तीन मजले धरूनही सोसायटीच्या देखभाल निधीतून निघेल एवढा खर्च. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी, प्रत्येक वळणावर दिवा. आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची. ही खुर्ची ठेवायला कमिटी कुरकुर करेल, 'पॅसेज अडतो' म्हणेल. भिंतीला बिजागरीवर लावलेली घडीची फळी बसवा, काही अडत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अशी फळी लावून घेतली, तर पहिल्याच आठवड्यात त्यावर पहिल्या मजल्यावरचे आजोबा पेपर वाचत बसलेले सापडले.

बाहेरून लिफ्ट लावता येते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सभेत कुणीतरी विचारेल. काही जुन्या सोसायट्यांनी जिन्याला लागून लोखंडी सांगाड्याची लिफ्ट उभारली आहे. त्याला जागा लागते, महापालिकेची मंजुरी लागते, उद्वाहन निरीक्षकाचा परवाना लागतो आणि सर्वांत अवघड म्हणजे तळमजल्यावरच्यांची संमती लागते. रिडेव्हलपमेंटचा विषय निघालेला असताना लिफ्टला कुणी पैसे घालणार नाही. तो नाद सोडा.

आता न्हाणीघर. पडझड जिन्यात होईल या भीतीने आपण जिना जपून उतरतो. प्रत्यक्षात माणसं ओल्या फरशीवर आणि पलंगापासून संडासापर्यंतच्या अंधारात घसरतात. तुमच्याकडे पाटावर बसून अंघोळ असेल तर पाट माळ्यावर टाका आणि पाय न सरकणारं प्लास्टिकचं स्टूल घ्या. संडासाशेजारी आणि अंघोळीच्या जागी स्टीलची दांडी, पण ती टाइलवर चिकटवलेली नको, विटेत स्क्रूंनी घट्ट बसवलेली हवी. ऑनलाइन मिळतात त्या हवेच्या दाबावर चिकटणाऱ्या दांड्यांवर विश्वास टाकू नका. टॉवेल वाळत घालायला त्या ठीक आहेत. दार आतल्या बाजूला उघडत असेल तर सुताराकडून बाहेर उघडणारं करून घ्या, कारण आत कुणी पडलं की दारच अडतं. आणि कडी लावू नका. एकट्या घरात कडी कुणापासून लावता? ही सवय मोडायला वेळ लागतो, मला स्वतःला सहा महिने लागले.

आता मुलाचा कॅमेरा. त्याच्यावर रागावू नका. तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असताना तुम्ही फोन उचलला नाहीत की त्याच्या पोटात गोळा येतो, तो गोळा खरा आहे. पण हॉलमधल्या कॅमेऱ्यात न्हाणीघर दिसत नाही. त्याला दिसेल रिकामी खुर्ची, आणि तो आणखी घाबरेल. त्यापेक्षा शेजारी आणि दूधवाला बरे. समोरच्या वहिनींशी ठरवा की सकाळी आठनंतर तुमच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली दिसली तर त्यांनी बेल वाजवायची. दोन वेळा वाजवून दार उघडलं नाही तर त्यांच्याकडच्या किल्लीने उघडायचं. एक किल्ली त्यांच्याकडे, एक कामाच्या मावशींकडे. मुलाकडे वहिनींचा नंबर. हे वहिनींना जड वाटेल असं समजू नका, त्यांच्या गावाला जायच्या दिवसांत त्यांच्या झाडांना पाणी तुम्ही घाला म्हणजे फिटलं. पोलीस ठाण्यातही एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद करून घेतात, ती करा. आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आजारपणात किंवा पडल्यावर मात्र ११२ किंवा १०८ फिरवायचा, एवढा फरक लक्षात असू द्या.

मुलीच्या म्हणण्याकडे येते, आणि इथे जरा स्पष्ट लिहिणार आहे. ठाण्याला जाणं आणि फ्लॅट नावावर करून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीच्या मनात वाईट काही नाही हे मी धरून चालते. पण बक्षीसपत्र करणं महाराष्ट्रात फार सोपं झालं आहे. राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा किरकोळ खर्च. एका दुपारी होतं. आणि झालं की ते घर तुमचं राहत नाही. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. पण ती अट कागदात लिहिलेली नसेल तर वकिलांच्या दारात वर्षं जातात. पंचाहत्तरीत कुणी हा उद्योग ओढवून घेऊ नये.

मुलांना फ्लॅट द्यायचाच आहे ना? मग मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्या. मन बदललं तर नवं करता येतं, ही त्यातली खरी सोय. सोसायटीत नॉमिनेशन केलंय म्हणजे काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. नॉमिनी हा मालक नव्हे, वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. मुलीला सांगताना कायदा सांगू नका, एवढंच म्हणा की "तुझ्या बाबांनी घेतलेलं घर आहे, मी आहे तोवर माझ्या नावावर राहू दे." ती समजेल. नाही समजली तर तेही वेळेवर कळलेलं बरं.

ठाण्याला मात्र जरूर जा. दोन महिने, कुलूप लावून, परतीचं तिकीट काढून. तिथे तुम्ही पाहुण्या आहात की घरातल्या, हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. पहिल्या आठवड्यात सगळे घरी लवकर येतात. सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता तुम्ही त्या घरात काय करत होतात, ते आठवून ठेवा.

मुलाच्या प्रस्तावाबद्दल माझं मत थोडं कडवट आहे, ते तसंच घ्या. ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मी नावं ठेवत नाही. पुण्यात असे प्रकल्प पंचवीस वर्षांपासून आहेत, तिथे आनंदाने राहणारी माणसं मी पाहिली आहेत. २०२४ साली महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, अशा प्रकल्पांसाठी बांधकामाचे निकषही घालून दिले. तीन फुटी दारं, व्हीलचेअर मावणारी लिफ्ट, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, पायऱ्यांऐवजी उतार. हे उत्तम झालं. पण बघायला जाल तेव्हा क्लब हाउस आणि बाग दाखवणाऱ्या मुलाला तीन प्रश्न विचारा. मी अंथरुणाला खिळले तर मला इथेच ठेवणार का? मासिक शुल्क गेल्या पाच वर्षांत किती वाढलं, आकडे दाखवा. आणि माझ्यामागे फ्लॅट किंवा अनामत मुलांना कशी आणि किती दिवसांत परत मिळते? पहिल्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी गोलगोल उत्तर येतं. बऱ्याच ठिकाणी हिंडत्या-फिरत्या माणसांसाठीच व्यवस्था असते.

आणखी एक. पॉवेल लॉटन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात म्हातारपण आणि घर यांचा मेळ कसा बसतो, यावर बरंच काम केलं. त्याचं म्हणणं साधारण असं की घर माणसाकडून फार मागू लागलं तर माणूस मोडतो, पण घराने काहीच मागितलं नाही तरी माणूस गंजतो. चोपन्न पायऱ्या तुमच्याकडून जास्त मागतात, मान्य. पण जेवणाचं ताट समोर, भाजी निवडायची नाही, दूधवाल्याशी हिशेबाचं भांडण नाही, अशा ठिकाणी तुमच्यासारखी बाई चौथ्या महिन्यात काय करेल, याचा अंदाज तुम्हालाच जास्त. काहींना तो आराम हवाच असतो. आयुष्यभर वीस माणसांचा स्वयंपाक केलेल्या माझ्या एका आत्याला असं ताट समोर आल्यावर रडू आलं होतं, आनंदाने. तुम्ही त्यातल्या असाल तर जा. आधी महिनाभर भाड्याने राहून बघा, बहुतेक ठिकाणी तशी सोय असते. फ्लॅट विकण्याचा विषय त्यानंतर.

या सगळ्यात एक वाट तुम्हा तिघांपैकी कुणी काढलेली नाही, आणि मला तीच सर्वांत जवळची वाटते. तुमचा फ्लॅट भाड्याने द्या आणि त्याच भाड्यात, थोडी भर घालून, त्याच गल्लीत किंवा पुढच्या चौकात तळमजल्यावर नाहीतर लिफ्टच्या इमारतीत एक खोली-किचन भाड्याने घ्या. करार अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. नाही आवडलं तर परत. तुमचा भाजीवाला तोच, डॉक्टर तेच, केमिस्ट उधार देणारा तोच, वहिनी संध्याकाळी चालत येतील एवढ्या अंतरावर. माणूस भिंतींना चिकटलेला असतो तितकाच त्या दहा मिनिटांच्या टापूला चिकटलेला असतो. मुलं भिंती मोजतात, टापू त्यांच्या हिशेबात येत नाही. घरमालक एकट्या म्हाताऱ्या बाईला जागा द्यायला का-कू करतील, हे खरं. करारात मुलीला जामीन म्हणून आणा, तिलाही काहीतरी केल्यासारखं वाटेल. तळमजला घेतलात तर पावसाळ्यात एकदा जाऊन फरशीची ओल बघा आणि मागच्या खिडकीला जाळी आहे का ते पाहा.

ही वाट तुम्हाला रिडेव्हलपमेंटसाठीही तयार करते, कारण ते झालं तर घर सोडावं लागणारच आहे. सभेबद्दल एवढं लक्षात ठेवा. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे अशा सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते आणि ठराव एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांनी मंजूर व्हावा लागतो. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण सभासदांच्या. म्हणजे तुम्ही घरी बसलात तरी तुमचं नसणं मोजलं जातं. तेव्हा त्या दिवशी जिना उतरा. सभा खाली पार्किंगमध्ये असेल तर तिथेच, कुठल्या कार्यालयात असेल तर सचिवांना रिक्षा करायला सांगा.

कागदावर काम दोन-तीन वर्षांचं असतं. पुण्यात त्याहून लांबलेली कामंही मी पाहिली आहेत. तुमच्या वयाला तीन वर्षं म्हणजे काय, हे बिल्डरला आणि चाळिशीतल्या सभासदांना कळत नाही. त्यांच्या डोळ्यासमोर वाढीव कार्पेट एरिया असतो. तुम्ही तुमचं मागा, आणि बोलून नव्हे, लिहून. नव्या इमारतीत खालचा मजला. न्हाणीघराला उंबरा नको, दारं रुंद, दांड्यांसाठी भिंत आधीच भक्कम केलेली. मधल्या काळात बिल्डरने द्यायचं भाडं दर महिन्याला नको, वर्षाचं आगाऊ. दोन्ही वेळच्या सामान हलवण्याचा खर्च वेगळा. तुमच्या स्वतःच्या नावाचा नोंदणीकृत करार हातात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. आणि करार मृत्युपत्राशी जुळवून घ्या, कारण जुन्या फ्लॅटचा नंबर लिहिलेलं मृत्युपत्र नव्या इमारतीत गोंधळ घालतं.

जिन्यातल्या आणखी दोघी-तिघी साठीपुढच्या असतील. त्यांच्याशी आधी बोला. चौघींनी एकच पत्र दिलं तर कमिटी ते वाचते. एकीने दिलं तर 'काकूंचं काहीतरी असतं' म्हणून फाइलला लागतं. तात्पुरती घरंही चौघींनी एकाच इमारतीत बघायचा प्रयत्न करा. आमच्या भागात तिघींनी हे केलं. एकीच्या घरी तिघींचा दुपारचा चहा सुरू झाला तो नवी इमारत होऊन दीड वर्ष झालं तरी चालू आहे, फक्त आता साखर कुणाची यावरून वाद आहेत.

तुमच्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ असेल. बहुतेक भागांत आहे, आणि अनेक संघ फेस्कॉम या राज्याच्या महासंघाशी जोडलेले आहेत. भाषणं कंटाळवाणी असतात हे मी आधीच कबूल करते. पण रिडेव्हलपमेंटमधून गेलेली, करार डोळ्यांखालून घातलेली, कुठला बिल्डर भाडं वेळेवर देतो हे ठाऊक असलेली निवृत्त माणसं तिथे मागच्या बाकावर बसलेली असतात. वकिलापेक्षा आधी त्यांना गाठा.

मुलाला या आठवड्यात फोन कराल तेव्हा 'मी ठीक आहे' म्हणू नका. ते वाक्य तो चार वर्षं ऐकतोय आणि त्यावर त्याचा विश्वास उरलेला नाही. त्याला काम द्या. जिन्याचा पाइप, न्हाणीघराचं दार, दांड्या यांचे तीन ठिकाणचे दर मागवून व्हॉट्सअॅपवर पाठव, म्हणावं. भाड्याच्या घरांच्या साइट तोच तिकडून जास्त चांगल्या चाळेल. दहा मिनिटांच्या टापूची हद्द तुम्ही त्याला सांगा: अमुक देवळापासून तमुक दवाखान्यापर्यंत, मधला मोठा रस्ता ओलांडायचा नाही.

दोरी मात्र टाकून देऊ नका. पावसाची झड लागली किंवा गुडघा फारच ठणकला तर लागेल. फक्त आठवड्यातून दोन दिवस ठरवा, मंगळवार आणि शनिवार म्हणा, आणि त्या दिवशी खाली जाऊन भाजी स्वतः निवडा. वरून सांगितलेल्या पावशेर गवारीत भाजीवाला जून शेंगा घालतो, हे तुम्हालाही माहीत असणार.

कॅलेंडरवर रेघा किती आणि फुल्या किती, ते महिन्याने कळवा.

तुमची,
ताई